यादीतली दहा गावं खोड, बाई!

काल रात्री पावणेबाराला तू प्रवासाचा तक्ता पाठवलास, तेव्हाच मी ओळखलं की तुला झोप येत नाहीये. सकाळी चहा घेता घेता तो नीट वाचला. स्पेनचा दक्षिण भाग, अंदालुसिया. दिवाळीच्या सुट्टीतले बारा दिवस, चौदा गावं. बरोबर नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. आणि सगळ्यात शेवटी तुझी एक ओळ, "ताई, जमेल ना गं?" खरं सांगू का, हा तक्ता काही जमायचा नाही. पण सहल जमेल, आणि तुला ती छान जमेल. डबे, शाळा, ऑफिस आणि सासूबाईंच्या गोळ्या हे सगळं रोज सकाळी आठच्या आत मार्गी लावणारी बाई तू. फक्त लाल पेन घे आणि माझ्यासमोर बस.

बघ, तू ही गावं दुपारची बघायला निघाली आहेस. अकरा वाजता पोचायचं, फोटो काढायचे, तीन वाजता पुढे. अगं, नेमक्या त्याच वेळी समुद्रकिनाऱ्यावरून पर्यटकांच्या बसगाड्या येतात आणि गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. दोन वाजले की दुकानं बंद, घरांचे पडदे खाली. मग उरतं काय? पांढऱ्या भिंती आणि ऊन. या गावांची खरी वेळ सकाळी नऊची, जेव्हा आज्या उंबऱ्यापुढचा दगड पुसत असतात, आणि संध्याकाळी सातची, जेव्हा अख्खं गाव चौकात येऊन बसतं. ती वेळ मुक्काम केल्याशिवाय मिळत नाही. म्हणून जिथे रात्र काढायची नाही, त्या गावासाठी सामान घेऊन वेगळा प्रवास करायचा नाही. रोंदाला चार रात्री, कॉर्दोबाला दोन, ग्रानादाला तीन, कापिलेइराला दोन. झाल्या अकरा. बाकीची दहा गावं खोड.

सेव्हिया खोडल्यावर नवरा कुरकुरेल, मला माहीत आहे. त्याला सांग, कॉर्दोबाहून वेगवान रेल्वेने पाऊण तासात सेव्हिया येतं, एक दिवस जाऊन येऊ. उबेदा आणि बाएसा ही जोडगावं खोडताना मलाच वाईट वाटतंय. आंद्रेस दे वांदेलविरा नावाच्या वास्तुकाराने सोळाव्या शतकात तिथे अशी देवळं आणि वाडे उभारले की २००३ मध्ये ती दोन्ही गावं जागतिक वारसायादीत गेली. आणि सभोवती ऑलिव्ह, फक्त ऑलिव्ह. त्या एका खाएन प्रांतात सहा कोटींहून जास्त झाडं आहेत. पण उबेदाला रेल्वे नाही, बस बदलत जायचं, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना ते सोसणार नाही. पुढच्या वेळी तू आणि मी जाऊ.

दिवाळीची सुट्टी निवडलीस ते मात्र फार बरं केलंस. मी पहिल्यांदा गेले ती जुलैत, आईला घेऊन. तिथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो हे मी वाचलं होतं, पण "आपण नागपूरचे, आपल्याला काय" असं म्हणून मोकळी झाले. चूक माझी होती. कॉर्दोबा आणि सेव्हियाच्या मधल्या एसिखा गावाला तिथले लोक अंदालुसियाचा तवाच म्हणतात. नागपुरात आपण दुपारी घराबाहेर पडत नाही. आणि कॉर्दोबात मी आईला चार वाजता रोमन पुलावरून चालवत आणलं. एका गल्लीत ती मटकन पायरीवर बसली. तोंड लाल, हात थंड. मला काही सुचेना. तेवढ्यात मागचं दार उघडलं, एक म्हातारी बाहेर आली, तिने एकही प्रश्न न विचारता आईला आत घेतलं, वेताच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि स्वतःच्या पंख्याने वारा घालत राहिली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. अर्ध्या तासाने निघताना आईने तिचे दोन्ही हात हातात घेतले होते. आईला ते घर अजून आठवतं, मला ती पायरी आठवते. तेव्हा हवा थंड असली तरी दुपारी दोन ते पाच सासूबाईंनी आडवं व्हायचं, हा नियम आत्ताच ठरवून टाक.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊन कोवळं असतं, पण एखादी सर येते, म्हणून छत्री ठेव. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, ती रात्र तुझ्या सहलीत येत असेल तर सकाळची गाडी नीट बघून घे. त्यानंतर सहा-सव्वासहालाच सूर्य मावळतो. आणि १ नोव्हेंबरला सगळ्या संतांचा सण, देशभर सुट्टी.

व्हिसाचं फार मनावर घेऊ नकोस. कागद जास्त आहेत, अवघड नाहीत. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तू निदान अडीच महिने आधी कर, कारण दिवाळीच्या तोंडावर भेटीची वेळच मिळत नाही. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. सासूबाईंचा विमा काढताना त्यांचं रक्तदाबाचं दुखणं लिहून टाक, लपवू नकोस. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून घे, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव. संकटाचा नंबर ११२. झालं.

आता बॅगा. तू लिहिलं आहेस, "तीन मोठ्या, दोन छोट्या". नको गं बाई! तिथल्या जुन्या वस्त्यांत गल्लीला गोटे बसवलेले असतात, आपल्या घाटाच्या पायऱ्यांसारखे झिजून गुळगुळीत झालेले. मी आर्कोस दे ला फ्रोंतेराला मोठी चाकांची बॅग घेऊन उतरले, गाव कड्याच्या माथ्यावर आणि बस थांबते खाली. तिसऱ्या वळणावर बॅगेचं चाक निखळलं. प्रत्येकी एक छोटी बॅग ने, मधे दोनदा कपडे धू. आणि सासूबाईंसाठी रबरी तळाचे बूट आत्ता घे. चपला तिथे सरकतात, साडीवर बूट कसे दिसतात याची चिंता त्यांनी करायची नाही.

नवरा गाडी चालवणार म्हणतोय ना, तर फक्त रोंदाच्या चार दिवसांसाठी मालागा विमानतळावरून घ्या आणि तिथेच परत करा. आंतरराष्ट्रीय परवाना इथल्या आरटीओतून काढून ठेवायला सांग. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, गिअरची सवय नसेल तर ऑटोमॅटिक गाडी आधीच मागून ठेवायची. आणि आता हे नीट ऐक, कारण आमचे यात बरेच पैसे गेले. नकाशा सांगतो म्हणून गाडी जुन्या गावात घालायची नाही. आर्कोसच्याच वरच्या आळीत आम्ही दुसऱ्या खेपेला गाडी नेली. गल्ली अरुंद होत होत अशी झाली की दोन्ही बाजूंचे आरसे मिटावे लागले, तरी एक बाजू भिंतीला घासत गेली. मागे एक दूधवाला, पुढे एक आजोबा, ते हाताने खुणा करून इंच इंच सांगत होते. गाव सुरू व्हायच्या आधी निळ्या पाटीवर पांढरा पी दिसला की गाडी तिथेच लावायची आणि चालायचं. ग्रानादाच्या जुन्या वस्तीत तर बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे लावलेत, दंड घरी येतो. म्हणून ग्रानादाला गाडी नकोच.

या गावांच्या नावामागे 'दे ला फ्रोंतेरा' दिसलं की समज, हे सरहद्दीचं गाव. इ.स. ७११ मध्ये अरब आणि बर्बर फौजा समुद्र ओलांडून आल्या आणि १४९२ ला ग्रानादा पडेपर्यंत कुठे ना कुठे मुसलमानी राज्य होतं. कॉर्दोबा १२३६ लाच ख्रिस्ती राजाकडे गेलं, रोंदा १४८५ ला. मधली अडीचशे वर्षं सरहद्द या डोंगरांतून जात होती. म्हणून प्रत्येक गाव उंच टेकडीवर, डोक्यावर किल्ला, आणि गल्ल्या शत्रूला वाट सापडू नये अशा वळणावळणाच्या. लेकीला हे सांग. आपल्या गडांवर वाढलेल्या पोरीला ते लगेच कळेल.

रोंदा गाव दरीने मधोमध चिरलेलं आहे. दरीवर जो 'नवा पूल' आहे तो १७९३ ला पुरा झाला, उंची ९८ मीटर. त्याच्या आधीचा पूल १७४१ मध्ये कोसळला आणि पन्नासेक माणसं गेली, म्हणून मग हा नवा इतका जाडजूड बांधला. मधल्या कमानीवर एक खोली आहे, ती कधीकाळी तुरुंग होती. पूल दिवसा बघू नकोस. संध्याकाळी सहानंतर बसगाड्या निघून जातात, तेव्हा जा. दरीतून पाकोळ्यांसारखे पक्षी खालून वर येतात आणि आपण त्यांच्या पाठी बघतो. खाली नदीपाशी अरबी स्नानगृहं आहेत, छताला ताऱ्यांच्या आकाराचे झरोके. नदीचं पाणी वर चढवायला तिथे गाढवाने फिरवायचा रहाट होता. सासूबाई कोकणातल्या ना? त्यांना रहाटाचा बुरूज दाखव, त्या तुला बाकीचं समजावून सांगतील.

रोंदाहून दोन सकाळी लवकर उठून दोन गावं कर. एक सेतेनिल दे लास बोदेगास, अर्ध्या तासावर. तिथे घरांना छप्पर म्हणजे डोंगराचा कडाच. खडक रस्त्यावर पुढे आलेला आणि त्याखाली दारं, खिडक्या, चहाकॉफीची टेबलं. नवाच्या आत पोच, अकराला गर्दी. दुसरं ग्रासालेमा. एवढ्या कोरड्या प्रदेशात हे गाव स्पेनमधल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक आहे, अटलांटिकवरून येणारे ढग त्या डोंगरांना अडतात. आपला घाटमाथा आठव. पण गाडी घेतली नाहीत तर रविवारी बसने जाऊ नकोस. मी अडकले होते तिथे, कारण वेळापत्रक वाचलं पण त्यातली अक्षरं वाचली नाहीत. 'लाबोराब्लेस' म्हणजे कामाचे दिवस, 'दोमिंगोस इ फेस्तिवोस' म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. शिवाय प्रत्येक गावाला वर्षातून दोन स्वतःच्या सुट्ट्या असतात, त्या शेजारच्या गावालाही नसतात. मुक्कामाच्या घरमालकिणीला आधीच विचारून ठेव.

आणि बघ, कुठल्यातरी भिंतीपाशी जरा थांब. तू त्या पांढऱ्या भिंतींचे फोटो पाठवले होतेस, पण जवळ गेल्याशिवाय त्या कळत नाहीत. दाराच्या चौकटीचा कोपरा बोटाने चाचप. धार नाहीच. चुन्याचे थरावर थर चढून कोपरा लोण्याच्या गोळ्यासारखा गोल झालेला असतो, कुठे पोपडा सुटला असेल तर आत पुस्तकाच्या पानांसारखे थर मोजता येतात. हा आपलाच चुना, भट्टीतला. ऊन परतवतो, कीड मारतो, आणि स्वस्त. सणाच्या आधी घराला हात फिरवायचं काम बायकांचं. काही जणींचा तो रोजगारच होता, त्यांना 'ब्लांकेआदोरा' म्हणायचे. सेव्हिया प्रांतात मोरोन दे ला फ्रोंतेरा नावाचं गाव आहे, तिथे लाकडाच्या भट्टीत चुनखडी भाजण्याची जुनी रीत जपून ठेवली, त्याची युनेस्कोने २०११ मध्ये दखल घेतली. दिवाळीआधी माझी आजी अंगणात चुन्याची निवळी करायची, तो वास मला ग्रासालेमाच्या एका गल्लीत आला आणि मी तिथेच उभी राहिले.

आता जेवण. तुझे तीन प्रश्न याचेच होते, म्हणजे खरी काळजी इथे आहे. सासूबाई शाकाहारी, अंडंही नाही. घाबरू नकोस, पण सावध राहा. तिथे 'मांस नाही ना?' असं विचारलंस तर 'नाही' म्हणतील आणि वर खामोन भुरभुरवून आणतील, कारण डुकराचं ते सुकवलेलं मांस त्यांना तोंडीलावणंच वाटतं. मी 'मिक्स्ता' सॅलड मागवलं, तर आत मासा निघाला, ट्यूना. चूक वाढणाऱ्याची नव्हती, तो पदार्थच तसा असतो. म्हणून वाक्य पाठ कर आणि सासूबाईंकडूनही घोकून घे: "सोय वेखेतारियाना, सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन उएवो." मांस, मासा, खामोन, अंडं, चारही वेगळे सांगायचे. दुकानातल्या गोड वड्यांत, पोल्वोरोन आणि मांतेकादोमध्ये, डुकराची चरबी असते हे फार जणांना माहीत नसतं. तिथे "सिन मांतेका?" विचार.

मग खायचं काय, तर पुष्कळ. सकाळी भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल, लेकीला रोज चालेल. कॉर्दोबाचं साल्मोरेखो म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि तेल घोटून केलेलं दाट, गार सार. वरचं अंडं आणि खामोन काढायला सांग. पालक-छोल्यांची भाजी मिळते, 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस', तीत जिरं असतं, सासूबाई पहिल्या घासाला ओळखतील. आणि वांग्याचे काप! 'बेरेन्खेनास कोन मिएल'. पातळ काप कुरकुरीत तळतात आणि वर 'मिएल दे कान्या' सोडतात. लोक त्याला मध समजतात, पण ती उसाची काकवी आहे गं, आपली काकवी! मालागाजवळच्या फ्रिखिलियाना गावात ती अजून होते. ऊस आणि वांगं दोन्ही आपल्याकडून इराण-अरबस्तान करत तिथवर गेलं. नावंही सांगतात बघ: संस्कृत शर्करा, आपली साखर, त्यांची 'असूकार'. आपलं नारिंग, त्यांचं 'नारांखा'. लेकीला हा खेळ लाव. पाव, बटाटा, पगार, बिजागरी हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून आले आणि स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण, त्यामुळे 'पान', 'पाताता', 'पागार' म्हणजे पैसे देणं, 'बिसाग्रा' असं पोरीला सगळं आपोआप सापडत जाईल.

जेवायच्या वेळा पाळ. दुपारचं दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. साडेसातला हॉटेलात गेलीस तर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या दिसतील. एवढा वेळ सासूबाई थांबणार नाहीत, म्हणून रोंदाला आणि ग्रानादाला स्वयंपाकघर असलेलं घर घे. तांदूळ, मसूर आणि बरणीतले छोले तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतात. मेतकूट, भाजणी, चिवडा घरून ने. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नकोस, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे. माझी साजूक तुपाची बरणी, घरी कढवलेली, विमानतळावर टाकून द्यावी लागली होती.

गोडाचं एक ठिकाण मात्र चुकवू नकोस. रोंदाला जोगिणींचा एक मठ आहे, त्या बाहेरच्या जगाला तोंड दाखवत नाहीत, पण मिठाई करून विकतात. आत शिरलं की थंड, अंधारी खोली, भिंतीत लाकडाचं एक उभं पिंप बसवलेलं, त्याला 'तोर्नो' म्हणतात. घंटी वाजवली की पलीकडून म्हातारा आवाज येतो, "आवे मारिया पुरिसिमा". पाटीवरचं नाव वाचून सांगायचं, पैसे पिंपात ठेवायचे. पिंप कुरकुरत फिरतं, पैसे आत जातात, आणि पुन्हा फिरून येतं तेव्हा कागदात बांधलेला खोका असतो. त्यावर अजून हाताची ऊब होती. माणूस दिसलं नाही. बदाम आणि साखरेचा 'मासापान' घे, तो सासूबाईंना चालावा, तरी "सिन उएवो?" विचारच, कारण त्यांच्या बऱ्याच मिठाया अंड्याच्या बलकाच्या असतात.

कॉर्दोबाच्या जुन्या मशिदीबद्दल तू वाचलेलंच आहेस, मी लांबण लावत नाही. इ.स. ७८५ च्या सुमारास सुरू झाली, साडेआठशेच्या आसपास खांब, आणि मधोमध १५२३ पासून बांधलेलं ख्रिस्ती देऊळ. खांब जुन्या रोमन इमारतींतून आणलेले, म्हणून एकाला बैठक आहे, एकाला नाही. रविवार सोडून सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट सोडतात, जायच्या आठवड्यात एकदा खात्री करून घे. पैशांपेक्षा त्या वेळच्या शांततेसाठी जा. पण तुला कॉर्दोबात आवडतील ती घरं. बाहेरून कोरी भिंत, आत चौक, चौकात विहीर आणि भिंतभर कुंड्या, अगदी आपला वाडा. मे महिन्यात घरोघरचे चौक लोकांना खुले करतात. तू नोव्हेंबरात जातेस, तर वियाना वाड्यात जा, तिथले बारा चौक वर्षभर बघता येतात. वरच्या कुंड्यांना पाणी घालायला लांब काठीच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला असतो. मी तसा एक घरी करून घेतला, आमच्या गॅलरीतल्या टांगलेल्या कुंड्यांना रोज तोच वापरते.

ग्रानादाला देवळापाशी कुणी हातात रोजमेरीची डहाळी कोंबू लागलं तर हात मागे घे, नुसतं "नो, ग्रासियास" आणि पुढे. नंतर पैशांवरून हुज्जत होते. संध्याकाळी साक्रोमोंतेच्या गुहेतल्या घरांत फ्लामेंको ऐकायला जा. ज्या रोमा लोकांनी ते गाणं घडवलं त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघालेले. त्यांच्या मूळ भाषेत आजही नाकाला 'नख' आणि कानाला 'कान' म्हणतात. लेकीचे डोळे कसे मोठे होतात बघ.

आणि शेवटच्या दोन रात्री कापिलेइरा. नवरा म्हणेल, एवढ्या लांब डोंगरात कशाला, बसने दोन तासांवर लागतात. जा म्हणते ना मी. सिएर्रा नेवादाच्या दक्षिण उतारावर, सुमारे १,४०० मीटरवर हे गाव, खाली बुबियोन, त्याखाली पांपानेइरा, एका दरीत तिघी बहिणी. इथली घरं कौलारू नाहीत. सपाट धाबी, लाकडी तुळया, त्यावर दगडी फरशा आणि वर करड्या चिकणमातीचा थर, तिला 'लाउना' म्हणतात. मराठवाड्यातली आपली माळवदं आठवतात ना, पांढरी माती टाकलेली? तेच. ग्रानादा पडल्यानंतरही इथे मुसलमानांची वस्ती टिकून होती. त्यांची भाषा, कपडे, स्नानगृहं यांवर बंदी आणली तेव्हा १५६८ मध्ये ते उठले, तीन वर्षं लढले, हरले, आणि सगळ्यांना घरदार सोडून जावं लागलं. उत्तरेकडून नवीन कुटुंबं आणून वसवली. पण पाट राहिले. 'आसेकिया' म्हणतात त्यांना. बर्फ वितळतं तेव्हा वरच्या पाटांतून पाणी मुद्दाम डोंगरात मुरवतात आणि उन्हाळ्यात ते खाली झऱ्यांतून निघतं. गावातून चालताना पायाखाली, भिंतीआड, सतत पाण्याचा आवाज येतो. तुझ्या वेळेला चेस्टनट निघालेले असतील, भाजलेले घे. रात्री स्वेटर लागतील, सासूबाईंची शाल विसरू नकोस. तिथे काहीही बघायचं ठरवू नकोस गं. सासूबाईंना पाणवठ्यापाशी उन्हात बसव, पोरीला पाटात काडी सोडू दे, आणि तूही बस जरा.

बाकी सगळं उद्यावर टाकलंस तरी चालेल, एक काम आज कर. ग्रानादाच्या अल्हाम्ब्राची तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक लागतो, लेकीचासुद्धा, आणि जायच्या दिवशी मूळ पासपोर्ट बरोबर हवा. आतल्या नास्री राजवाड्यांना ठरलेली वेळ असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. सकाळची वेळ घे, म्हणजे दुपारी सासूबाई आडव्या होतील. तू लिहिलेल्या यादीत त्यांचं नाव 'आई' असंच आहे, तसं भरू नकोस, पासपोर्टवरचं पूर्ण नाव बघून भर. कपाटातून चारही पासपोर्ट काढ, मुदत तपास, आणि तिकिटांच्या विक्रीचं पान उघडलंस की मला फोन कर. मी भाजी फोडणीला टाकून तुझ्याबरोबर बसते.